उजवं पान

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात 'क' वर्गाचं वाचनालय आहे. तिथं मी ग्रंथपाल. देवघेवीच्या टेबलावर अभिप्राय वही ठेवली होती, पण वर्षभर तिच्यात 'छान', 'वाचनीय', 'खूप आवडले' एवढंच येत राहिलं. मनाला लागायचं. 'छान'वर पुढच्या माणसानं बोलायचं तरी काय?

म्हणून नवी वही आणली. डावं पान अभिप्रायाला, उजवं कोरं. दुसऱ्या कुणाला त्यावर काही म्हणायचं असेल तर तिथं लिहायचं. अट एकच, पुस्तक वाचलेलं असावं आणि कशाबद्दल बोलताय ते नेमकं सांगावं. पहिले दोन महिने उजव्या पानावर मी एकटाच लिहीत होतो. प्रत्येकाला लिहीत होतो, मनापासून.

मग 1972 च्या दुष्काळावरची एक कादंबरी फिरायला लागली. एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं, 'खडी फोडायच्या कामाचं वर्णन लेखकाने फुगवले आहे.' स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका पोरानं समोर लिहिलं, '1972 पेक्षा 2016 कठीण होतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, पाच लाख लिटरची.'

त्या गुरुवारी बाजाराच्या गर्दीतून एक आजी नातीला घेऊन आत आल्या. चप्पल दाराशी काढली.

"भाऊ, ती वही म्हंत्यात ती हीच का? पोरगी मला रोज राती ते पुस्तक वाचून दावती. ऐकलेलं चालतंय का?"

"चालतंय की, आजी."

"मग लिव्हा."

मी पेन उघडलं. त्या थांबत थांबत सांगत होत्या. एखादा शब्द मी प्रमाण भाषेत लिहिला की नात हळूच म्हणायची, आजी असं नाही म्हणाली. मी खोडून पुन्हा लिहायचो.

"गुरुजी, फुगवलं न्हाई, कमीच लिव्हलंय. सुकडी मिळायची ती कामावर कोन खातंय? पदराला बांधून घरी न्यायची, म्हाताऱ्या मानसाला. लाल मिलो जवारीची भाकर थापताना फुटायची, ते बी त्यात न्हाई. आन् त्या लेकराला सांगा, तुझं बी खरं हाय. आमच्या टायमाला हिरीत पानी व्हतं, कनगीत दाना नव्हता. तुमच्या टायमाला दुकानात दाना व्हता, नळाला पानी नव्हतं."

मी वाचून दाखवलं. "बरूबर," म्हणाल्या आणि बाजाराला गेल्या.

दोघांचंही म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं. एवढी वर्षं पुस्तकं हाताळतोय, पण असं उत्तर मला कधी लिहिता आलं नाही.

शनिवारी गुरुजी आले. उभ्यानंच वाचलं, मग खुर्ची ओढली. मला वाटलं, रागावतील. बराच वेळ त्यांनी पेन नुसतं हातात धरलं. शेवटी लिहिलं, 'त्या साली मला पगार होता. ते काम मी रस्त्यावरून जाताना पाहिले. माझे वाक्य मागे घेतो. मिलोच्या भाकरीबद्दल अजून सांगाल का?'

वही मिटून त्यांनी विचारलं, "या बाई पुन्हा कधी येतात?"

"गुरुवारी. बाजाराला."

गुरुवारी दार उघडायला गेलो तर गुरुजी पायरीवर बसलेले होते. शेजारी तो पोरगाही होता.