घरचं रीलोडिंग बेंच आणि एचओएचं ते पत्र – माझा अनुभव

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, रालेजवळ राहतो. क्लबात मी ३०८ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलने लांब पल्ल्याच्या मॅचेस खेळतो, आणि मॅच ग्रेडच्या गोळ्या दुकानातून विकत घेणं खिशाला परवडेना म्हणून घरीच रीलोडिंग करायचं ठरवलं, म्हणजे वापरलेल्या पितळी केसमध्ये (काडतुसाच्या कवचात) नवं प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि बुलेट बसवून काडतूस पुन्हा तयार करायचं. पितळी केस सगळ्यात महाग असते आणि ती परत परत वापरता येते, बचत आहे ती त्यातच. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला मात्र लागतं. बेंच उभं राहिलं एका वीकेंडमध्ये, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. खरा ताप झाला तो आमच्या एचओएचा (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचा), आणि तो राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितोय.

झालं असं की पावडर आणि प्रायमरची पहिली ऑर्डर आली तेव्हा मी ऑफिसात होतो. हॅझमॅट (घातक मालाचं) पार्सल, मोठ्या माणसाची सही लागते, त्यामुळे ड्रायव्हर परत गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि खोक्यावरचं ते धोक्याचं लेबल कुणीतरी शेजाऱ्याने बघितलं. (ऑर्डर देताना कुणीतरी घरी असेल असाच दिवस बघा.) आठवड्याभरात मॅनेजमेंट कंपनीचं पत्र दारात. आमच्या करारात "घरात स्फोटक किंवा घातक पदार्थ ठेवू नयेत" असं एक कलम आहे, त्याचा हवाला देऊन सगळं तात्काळ हलवा, नाहीतर दंड.

मी फोन केला तर बाई म्हणाल्या ईमेल करा. ईमेल केला तर उत्तर आलं की विषय बोर्डाकडे पाठवलाय. बोर्डाची मीटिंग महिन्यातून एकदाच, आणि माझा विषय त्या महिन्याच्या अजेंड्यावर आलाच नाही. दंडाचं घड्याळ मात्र चालूच! पुन्हा विचारलं तर दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी एकदाचं लेखी उत्तर आलं, आणि ते वाचून मी अक्षरशः तडकलो. म्हणे पावडर ठेवायचीच असेल तर जाड पोलादी, हवाबंद तिजोरीत कुलूपबंद ठेवा आणि तिचा फोटो पाठवा.

आता हे नीट समजून घ्या, कारण हे चुकलं तर जिवावर बेतेल. स्मोकलेस पावडर उघड्यावर पेटली तर भरभर जळते, पण घट्ट बंद पोलादात कोंडली तर आतला वायू बाहेर पडायला वाट मिळत नाही, दाब वाढत जातो आणि तिजोरीच फुटते. प्रेशर कुकरची शिटी आणि वॉल्व्ह दोन्ही बंद करून गॅसवर ठेवण्यासारखं आहे हे. म्हणूनच सामी ही इथल्या दारूगोळा उत्पादकांची संस्था सांगते की पावडरचं कपाट उष्णता रोखणाऱ्या मटेरियलचं हवं आणि त्याची एक बाजू किंवा सांधे मुद्दाम कमजोर हवेत, म्हणजे दाब तिथून निघून जातो. मी हे कळवलं, तर उत्तर परत तेच, तिजोरीचा फोटो पाठवा. घरात दोन लहान मुलं आहेत आमच्या, मी कुणाच्याही फॉर्मसाठी घरात बॉम्ब तयार करणार नव्हतो आणि तसं त्यांना स्पष्ट लिहिलं.

मार्ग सापडला तो काउंटीच्या फायर मार्शल ऑफिसात. तिथल्या साहेबांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि फायर कोडचं कलम ईमेलवर लिहून पाठवलं. आमच्यासारख्या एकेका कुटुंबाच्या घरात स्वतःच्या वापरासाठी २० पाउंडपर्यंत स्मोकलेस पावडर, मूळ डब्यातच, ठेवता येते. २० ते ५० पाउंड असेल तर किमान एक इंच जाड लाकडाची पेटी किंवा कपाट लागतं. प्रायमर जास्तीत जास्त १०,०००. माझ्याकडे त्याच्या जवळपासही माल नाही, तरी मी एक इंची लाकडाचं कपाट बनवलं, मागची फळी बारीक खिळ्यांवर, पुढे मुलांसाठी कुलूप. तो ईमेल आणि कपाटाचा फोटो थेट बोर्डाच्या अध्यक्षांना पाठवला, मॅनेजमेंट कंपनीला फक्त सीसीत ठेवलं. पुढच्या मीटिंगमध्ये पत्र मागे घेतलं, दंडही रद्द. त्या संध्याकाळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तुम्ही हे सगळं खरेदीच्या आधीच करा: करार वाचा, फायर मार्शलकडून लेखी घ्या, आणि मगच पहिली ऑर्डर.

ते कपाट घराच्या आत आहे, गॅरेजात नाही, कारण इथल्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टी होतं आणि पावडरला थंड, कोरडी जागा लागते. काम करताना बेंचवर एका वेळी एकच डबा, दुसऱ्या जातीची पावडर खोलीतसुद्धा आणत नाही. काम संपलं की मेझरमध्ये (पावडर मापून टाकायच्या यंत्रात) उरलेली पावडर लगेच त्याच मूळ डब्यात. प्रायमर कायम त्यांच्याच ट्रेमध्ये, बरणीत एकत्र कधीही ओतायचे नाहीत.

बेंचबद्दल एकच सांगतो, ते भिंतीतल्या स्टडला (आतल्या उभ्या खांबाला) स्क्रूने पक्कं करा आणि प्रेस, म्हणजे केस दाबायचं हँडलवालं यंत्र, बरोबर बेंचच्या पायाच्या वर बसवा. केस साइझ करताना (दाबून परत मापात आणताना) हँडलवर चांगलाच जोर लागतो, बेंच हललं की हाताला काही अंदाज राहत नाही. पावडर तोलायचा डिजिटल काटा एसीच्या झोतात नको, आकडा आपोआप सरकत राहतो. चेक वेट (ठराविक वजनाचं माप) ठेवून दर वेळी तपासा. आणि रीलोडिंग मॅन्युअलमधल्या पावडरच्या सुरुवातीच्या वजनापासूनच वर जायचं, इंटरनेटवर कुणीतरी लिहिलंय म्हणून नाही.

मंडळातला एक मुलगा विचारत होता, "दादा, मी पण घेऊ का प्रेस? एच-वन-बीवर चालतं का?" त्याला मी तिथेच थांबवलं. फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला दारूगोळा बाळगायला बंदी आहे आणि त्या व्याख्येत केस, प्रायमर, बुलेट, पावडर सगळं सुटं सुटंसुद्धा येतं. हंटिंग लायसन्स वगैरे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका, ग्रीन कार्ड हातातोंडाशी आलेलं असताना तर मुळीच नाही.

सांडलेली पावडर व्हॅक्यूमने ओढू नका, मोटरची ठिणगी पुरते. ब्रश आणि सुपली वापरा. केस टम्ब्लरमधून (केस घासून साफ करायच्या यंत्रातून) काढताना शिशाची धूळ उडते, तेव्हा बेंचवर चहा-खाणं नाही, हात साबणाने धुऊनच स्वयंपाकघरात. आणि हॅझमॅट फी दर ऑर्डरला लागते, म्हणून पावडर आणि प्रायमर एकाच दुकानातून एकाच वेळी मागवा, क्लबातल्या मित्राला हवं असेल तर त्याचंही त्यातच टाका आणि फी वाटून घ्या.