कूलरची झडप आता स्वतः वळते : इंदूरची उन्हाळाअखेरची नोंद

झडप बसली. मधल्या खोलीच्या रोशनदानावरची पत्र्याची झडप आता हात न लावता उघडते आणि मिटते. जूनचे ढग येईपर्यंत ती कुठेही न अडखळता चालली. मागच्या नोंदीत फक्त कूलरचा पंखा आणि पंप रिलेवर (विजेच्या खुणेने चालणाऱ्या स्विचवर) घेतले होते, तेव्हा काही जणांनी विचारलं होतं की तापमान बघून पंप चालू-बंद करण्यात विशेष ते काय. त्यांचा प्रश्न रास्त होता. या उन्हाळ्यात माझं मत पक्कं झालं आहे : कुठली हवा, केव्हा, कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर सोडायची हे यंत्राला कळलं, की थंड करण्याचं निम्मं काम झालंच.

घर रामबागेतलं, जुन्या पद्धतीचं, जाड भिंतींचं. मधल्या खोलीच्या उत्तरेच्या खिडकीत लोखंडी कूलर आहे. समोरच्या भिंतीत वर रोशनदान, ते जिन्यात उघडतं आणि जिना सरळ गच्चीपर्यंत जातो. गच्चीच्या दाराला जाळी आहे. म्हणजे जिना हे आयतं धुराडं. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि गच्चीतून निघून जाते. कूलरने आत ढकललेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साठतो आणि अंग चिकचिकतं. म्हणून आपण सगळेच एखादी खिडकी किलकिली ठेवतो. मला ती किलकिली किती आणि केव्हा ठेवायची हे ठरवणारं यंत्र हवं होतं.

झडपेच्या यंत्रणेची कल्पना अल्बर्ट बट्झ यांची. मिनियापोलिसमधल्या या मूळच्या स्विस संशोधकाला १८८६ मध्ये कोळशाच्या भट्टीच्या नियंत्रकाचं पेटंट मिळालं. खोली ठरावीक तापमानाच्या खाली गेली की थर्मोस्टॅट विजेचं मंडल जोडायचा आणि त्या क्षीण प्रवाहाने दातेरी चाकांमधली अडकण सुटायची. आधीच चावी देऊन ठेवलेली स्प्रिंग क्रँकला (आसावर फिरणाऱ्या आखूड दांड्याला) बरोबर अर्धा फेरा द्यायची, क्रँकची साखळी भट्टीची हवेची झडप उचलायची, आत हवा शिरायची आणि आग भडकायची. खोली उबदार झाली की पुन्हा अर्धा फेरा, झडप बंद. हनीवेल कंपनीची वंशावळ याच झडपेपाशी जाऊन पोचते. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की आगीला कोणी हातच लावत नाही. फक्त हवेची वाट उघडते आणि मिटते. थर्मोस्टॅटला स्वतः काही उचलावं लागत नाही, त्याने फक्त खूण करायची.

तोच अर्धा फेरा मी उचलला. भंगारातून गाडीची १२ व्होल्टची वायपर मोटर आणली, सियागंजच्या बाजारातून पत्रा आणि बिजागऱ्या. वायपर मोटर या कामासाठी जणू बनलेलीच असते, कारण तिच्या आत वर्म गिअर असतो : मोटर गिअरला फिरवू शकते, पण गिअरला उलट ढकलून मोटर फिरत नाही. वीज गेली तरी झडप जिथल्या तिथे राहते. शिवाय तिच्या आत वायपर काचेच्या कडेला आणून थांबवणारा पार्किंगचा स्विच आधीच असतो. तो एका फेऱ्यात एकदाच लागतो, म्हणून त्याच्या समोर १८० अंशांवर मी दुसरा मायक्रोस्विच बसवला. पहिला म्हणजे 'मिटली', दुसरा म्हणजे 'उघडली'.

क्रँक ४० मिलिमीटरचा, म्हणजे ओढ ८० मिलिमीटरची. जोडदांडा अशा बेताने लावला आहे की दोन्ही टोकांना क्रँक आणि दांडा एका रेषेत येतात. त्या स्थितीत झडपेला वाऱ्याने कितीही धक्के दिले तरी ते दांड्यातून थेट आसावर जातात, क्रँकला फिरवत नाहीत. मे महिन्यातल्या धुळीच्या वादळात मी जिन्यात उभा राहून बघत होतो. पत्रा थरथरत होता, पण कडेची फोमची पट्टी चौकटीपासून सुटली नाही. ज्यांना सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी) लावायची आहे त्यांनी हा मुद्दा आधी तपासावा. साधी सर्व्हो जागेवर राहण्यासाठी सतत प्रवाह घेत राहते आणि उन्हाळ्यात जिन्यातल्या त्या उष्णतेत तिचे हाल होतात.

विजेची जोडणी थोडक्यात. मेंदू म्हणजे ईएसपी३२ ही प्रोग्राम करता येणारी छोटी चिप, मोटरला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा. पंप आणि पंखा हे गुंडाळीचे भार असल्यामुळे रिलेच्या संपर्कांवर स्नबर (ठिणगी शोषणारे भाग) लावलेले आहेत, नाहीतर प्रत्येक वेळी पंप बंद होताना उठणारी ठिणगी सगळ्या मंडलाला त्रास देते. वीज येते तेव्हा मोटर आधी पार्किंगच्या स्विचपर्यंत जाते आणि मगच बाकीचं सुरू होतं. हे सामान जेल रोडला सहज मिळतं.

आता निर्णयाकडे, कारण खरी मजा तिथे आहे.

कूलरला तापमान सांगून उपयोग नाही, त्याला वेट बल्ब तापमान सांगावं लागतं, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात जे दाखवतो ते. ओल्या पॅडमधून हवा जास्तीत जास्त वेट बल्ब तापमानापर्यंत थंड होऊ शकते, आणि चांगला पॅड त्या अंतराचा साधारण ८० टक्के पल्ला गाठतो. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४१ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा. वेट बल्ब निघतो सुमारे २१.५, म्हणजे कूलरमधून २५ अंशांच्या आसपासची हवा मिळायला हवी. मोसमी पाऊस दारात आला की ३६ अंश आणि ५० टक्के. तेव्हा वेट बल्ब साडेसत्तावीस, आणि कूलर २९ अंशांची दमट हवा देतो. जुलैत २९ अंश आणि ८५ टक्के असतील तर सगळा खटाटोप दोन अंशांपेक्षा कमी फरकासाठी होतो. तेव्हा पंप चालवणं म्हणजे घरात ओल ओतणं.

म्हणून पंपाचा नियम असा : शुष्क (साध्या तापमापकावरच्या) आणि वेट बल्ब तापमानात १० अंशांहून जास्त फरक असेल तर पंप चालू, ८ अंशांखाली आला तर बंद. मधले दोन अंश मुद्दाम मोकळे सोडले आहेत, नाहीतर सीमेवर पंप सारखा टकटक करत बसतो. वेट बल्ब काढायला रोलंड स्टल यांनी २०११ मध्ये दिलेलं सूत्र वापरतो. त्याला फक्त तापमान आणि सापेक्ष आर्द्रता लागते आणि ते ईएसपी३२ ला अगदी हलकं जातं. सूत्र समुद्रसपाटीच्या दाबासाठी आहे. इंदूर साधारण ५५० मीटरवर, त्यामुळे कोरड्या हवेत आपल्याकडचा खरा आकडा किंचित खाली येतो. कूलरच्या कामाला तेवढं चालतं. तापमान-आर्द्रतेचे सेन्सर मात्र डीएचटी२२ काढून जास्त अचूक एसएचटी३१ घेतले. कोरड्या हवेत आर्द्रतेतली तीन-चार टक्क्यांची चूकसुद्धा वेट बल्बला अंशाहून जास्त हलवते.

आणखी एक छोटी सोय. पंप पंख्याच्या पाच मिनिटं आधी सुरू होतो. पॅड वरपासून खालपर्यंत भिजलेला असला की पहिला झोत गरम आणि धुळकट येत नाही. हनीकॉम्ब पॅडच्या बाजूला वाळ्याची एक पातळ ताटी ठेवली आहे. तिच्या सुगंधाचा नियंत्रणाशी काही संबंध नाही, पण ती काढणार नाही.

रात्रीचा नियम वेगळा, आणि या शहरासाठी तोच सर्वांत मोलाचा. मे महिन्यात इंदूरचं सरासरी कमाल तापमान ४० च्या आसपास आणि किमान २५ च्या आसपास असतं. शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. ही १५ अंशांची दरी म्हणजे फुकटची थंडी, फक्त ती भिंतींत भरून ठेवता आली पाहिजे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा २ अंशांनी थंड झाली की पंप बंद, पंखा चालू, झडप पूर्ण उघडी. गरम हवा जिन्यातून गच्चीकडे जाते. फरक एका अंशाखाली आला, म्हणजे साधारण सूर्य वर आल्यावर, पंखा थांबतो आणि झडप मिटते. मग भिंती दुपारपर्यंत खोलीला सांभाळतात. पूर्वी ज्या वेळी कूलर लावावाच लागायचा, त्याच्या बऱ्याच नंतर आता तो सुरू होतो. पाणीही त्या मानाने वाचतं, आणि इंदुरात मे महिन्यात पाणी वाचणं ही लहान गोष्ट नाही.

खोली किती अंशांवर ठेवायची, हा आकडाही मी एका जागी बांधलेला नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय कार्यालयांसाठी तयार झालेलं अनुकूलनाचं सूत्र आहे. नैसर्गिक वायुविजनाच्या इमारतीत बाहेरच्या गेल्या ३० दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. बाहेरची सरासरी ३० असेल तर उत्तर २९ येतं, २० असेल तर साडेतेवीस. घर हे कार्यालय नव्हे हे मान्य, पण उन्हाळ्यात शरीर जास्त उष्णता सोसतं हे आपल्या आज्यांना ठाऊक असलेलं सत्य यात आकड्यांत उतरलं आहे. आमच्या घरात पंख्याखाली २९ कोणालाच खुपले नाहीत.

आईचा मुद्दा वेगळा होता. पहिल्या आठवड्यात ती सारखी उठून रोशनदानाकडे बघायची. म्हणाली, "अरे, ते काय करतंय ते मला बसल्या जागी दिसू दे, मग मी नाही उठणार." तिच्या खुर्चीसमोर तीन दिवे लावले : पंप, पंखा, झडप. खाली एक फिरता स्विच आहे, बंद, आपोआप आणि हाताने. 'हाताने'वर ठेवला की दोन तास यंत्र तिचं ऐकतं.

दिवे लावताना वॉरन जॉन्सन यांची आठवण झाली. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या शाळेत ते प्राध्यापक होते. तिथे शिपायाला वर्गावर्गात जाऊन थंड आहे की गरम ते बघावं लागायचं, आणि मग खाली तळघरात जाऊन झडपा हलवाव्या लागायच्या. जॉन्सन यांनी १८८३ मध्ये पेटंट घेतलेलं विजेचं उपकरण झडप हलवत नव्हतं, ते फक्त खाली खूण पोचवायचं. प्रत्येक खोलीचं तापमान आपोआप वेगळं राखणारी दाबाच्या हवेची यंत्रणा १८९५ च्या पेटंटमध्ये आली. आधी कळवणं, मग करणं, हा क्रम घरातल्या माणसांचा विश्वास मिळवायलाही बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

आपल्या शहराला या विषयाचा वारसाही आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी १९३० च्या दशकात माणिकबाग राजवाडा उभारला, तेव्हा त्यात वातानुकूलनाची सोय केली होती. आज तिथे सरकारी कर कार्यालय आहे. तिथून जाताना मी खिडक्यांकडे बघितल्याशिवाय राहत नाही.

पावसाळ्यासाठी पुढचं काम ठरलं आहे. पंप कायमचा बंद राहील आणि रात्रीच्या नियमात दवबिंदूची (हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊ लागते त्याची) अट जोडेन : बाहेर थंड पण आतल्यापेक्षा जास्त ओली हवा असेल तर झडप उघडायची नाही. त्याआधी दोन्ही सेन्सर तपासायचे आहेत. हवाबंद डब्यात ओलसर मिठाची वाटी ठेवली की २५ अंशांना आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर त्यात रात्रभर ठेवून फरक नोंदवला की झालं. मीठ नुसतं ओलं हवं, पूर्ण विरघळलेलं नको, आणि सेन्सरला पाण्याचा थेंब लागता कामा नये. ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या मंडळींनी आपापल्या मे महिन्याच्या दुपारचा आणि पहाटेचा वेट बल्ब काढून कळवला तर पंपाच्या १० आणि ८ अंशांच्या सीमा तिकडे कुठे सरकवाव्या लागतील ते बघता येईल. बडोद्याला समुद्राकडचा वारा येतो, तिथे पंपाचे तास कमी भरतील असा माझा कयास आहे.