लिस्बनमध्ये बाबांबरोबर

शुक्रवार, रात्री

दुपारी खोलीत सामान टाकलं आणि बाबांना म्हटलं, जरा आडवे व्हा. ते बूट काढायलाही तयार नव्हते. "एवढ्या लांब काय झोपायला आलोय का?" मग चारच्या उन्हात थेट नदीवर गेलो.

लिस्बनचं ऊन वेगळंच आहे. भिंती पांढऱ्या, पिवळसर, फिकट गुलाबी, त्यात पायाखालची फरसबंदीही पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या चिऱ्यांची. खालून-वरून उजेडच उजेड. हे चिरे पावलांनी झिजून इतके गुळगुळीत झालेत की उतारावर बाबांचा हात सोडायची सोय नाही. आणि इथे उतार नाही असा रस्ता शोधावा लागतो!

तेजो नदी समुद्राला मिळायच्या आधी इथे एवढी पसरलीय की पलीकडचा काठ धूसर दिसतो. कोमेर्सियो चौकाच्या तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती, चौथी बाजू पाण्याला मोकळी. तिथे दोन दगडी खांबांमधून पायऱ्या पाण्यात उतरतात. बाबा कृष्णेच्या घाटावर बसावं तसे त्या पायऱ्यांवर बसले आणि तासभर उठले नाहीत.

याच जागी राजवाडा होता. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऑल सेंट्स डेच्या सकाळी, चर्चमध्ये माणसं आणि मेणबत्त्या दाटलेल्या असताना भूकंप झाला. घाबरून लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर नदीतून त्सुनामीची लाट आली. वर शहरात आग लागली ती कित्येक दिवस धुमसत राहिली. पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्र्यानं हा सगळा सखल भाग सरळ, काटकोनी रस्त्यांचा नव्यानं बांधून घेतला. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालायचा, म्हणजे हादरा बसला तरी घर लवचिक राहील, ही पद्धत तेव्हाची. लाकडी सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून म्हणे तिची परीक्षा घेतली. दुपारपासून ज्या रस्त्यांवरून नुसतं हरखून चालत होते, त्या भिंतींकडे संध्याकाळी मी थांबून थांबून बघत होते.

शनिवार

आज बेलें, लिस्बनचा नदीकाठचा भाग. जेरोनिमुश मठाबद्दल वाचलं होतं, फोटो पाहिले होते, तरी आत पाऊल टाकल्यावर बोलणं थांबलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलनं बांधायला घेतलेला हा मठ. दगडात जहाजाचे दोर वळलेत, गाठी मारल्यात, पानं आणि सागरी आकार कोरलेत. चौकाभोवतीची दुमजली ओवरी तर माझ्या आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत सुंदर वास्तूंपैकी एक. हे मला कुठलाही आडपडदा न ठेवता लिहायचंय, कारण पुढचंही तितकंच खरं आहे.

हा मठ मसाल्यांच्या पैशातून उभा राहिला. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातला वाटा, सुमारे पाच टक्के, या बांधकामाला जात होता. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची मिरी. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी. १५२४ मध्ये तो कोचीला वारला, तिथेच पुरला गेला, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले. बाबा बराच वेळ समाधीपाशी उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "कारागिरांना मात्र नमस्कार."

जवळच्या बागेत उंच खांबावर आफोन्सो द आल्बुकेर्क उभा आहे, १५१० मध्ये गोवा घेणारा. नदीकाठी १९६० चं, दर्यावर्दींचं भलंमोठं स्मारक. १९६० म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आदल्या वर्षी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीला तेव्हाही हेच वैभव दाखवायचं होतं, हे पाहून मला राग आला आणि तो मी आवरला नाही.

१८३७ पासूनच्या त्या प्रसिद्ध दुकानात कस्टर्डच्या गरम वाट्या खाल्ल्या. वरून दालचिनी भुरभुरायची. बाबांनी आणखी एक मागवली.

रविवार, उशिरा

सकाळी आल्फामा. १७५५ च्या भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली जुनी वस्ती, गल्ल्या अरुंद, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशा. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर फरशांचं एक चित्र आहे, भूकंपाआधीच्या कोमेर्सियो चौकाचं. शुक्रवारी बसलो होतो ती जागा, पण राजवाड्यासकट.

मग कार्मो, त्याच भूकंपात पडलेलं चर्च. छत कोसळलं ते कोसळलंच, उघड्या कमानींमधून आकाश दिसतं. पण बाबांना चर्चपेक्षा बाहेरचा चौक पाहायचा होता. २५ एप्रिल १९७४ ला, हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीत, कॅप्टन साल्गेरू मायाच्या सैनिकांनी इथल्या बराकीला वेढा घातला, आत लपलेला सालाझारचा वारस मार्सेलू कायतानू संध्याकाळी शरण आला. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. जांभळ्या फुलांची जाकारांडाची झाडं या चौकात आहेत, त्याखाली बसून बाबांनी मला मोहन रानड्यांबद्दल सांगितलं.

रानडे मूळचे आमच्या सांगलीचे. गोव्यात शिक्षक म्हणून गेले, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले, १९५५ मध्ये पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. त्यांना पोर्तुगालला आणून लिस्बनजवळच्या काशीयशच्या किल्ल्यात ठेवलं, त्यातली कित्येक वर्षं एकांतवासात. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी रानडे इथेच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. "आमच्या घरात तेव्हा पेपर मोठ्यानं वाचला जायचा," बाबा म्हणाले. ते तेव्हा शाळेत होते.

नकाशात पाहिलं, तर काशीयश हे कश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलवरचं स्टेशन निघालं. सगळे प्रवासी पोहायला जातात तीच गाडी. दुपारी काइश दो सोद्रे स्टेशनातून बसलो. डाव्या हाताला पूर्ण वेळ पाणी, डब्यात वाळूचे पाय आणि टॉवेल घेतलेली पोरं. काशीयशला आम्ही दोघं उतरलो. टेकडीकडे किल्ल्यात आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जायचा प्रश्न नव्हता. १९७४ च्या क्रांतीनंतर दुसऱ्या रात्री इथले राजकीय कैदी सोडले गेले. त्यातले बहुतेक पोर्तुगीजच, त्याच राजवटीनं कोंडलेले. बाबांना हे ठाऊक नव्हतं. म्हणाले, "म्हणजे रानड्यांचे शेजारी यांचेच लोक होते."

हे वाक्य मला इथल्या सगळ्या स्मारकांपेक्षा मोठं वाटलं. गोव्यावर गोळ्या झाडणारं सरकार आणि या शहरातल्या माणसांची तोंडं बंद करणारं सरकार एकच होतं. ते गेल्यावरच, १९७४ च्या अखेरीस, पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं करारानं मान्य केलं. मला लिस्बन मनापासून आवडलंय, आणि आता ते आवडताना काही बाजूला सारावं लागत नाही.

पुढच्या गाडीनं कश्काइशला गेलो. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अटलांटिकमध्ये पाय घातले. पाणी भयंकर गार आहे! उद्या त्यांना आल्जुबचं संग्रहालय पाहायचंय, तोही पूर्वी राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, पण सोमवारी ते बंद असतं. मंगळवारी संध्याकाळचं विमान आहे, सकाळी दार उघडताच आत जाऊ.