झेड३ची नोंद: बॉनेटवरचा बिल्ला, त्याखालचा गंज आणि मागची अक्षरे

मागील नोंदीत कापडी छताची धुरकट झालेली प्लास्टिकची खिडकी बदलून झाली होती, आणि तेव्हापासून नजर सारखी बॉनेटवरच्या बिल्ल्याकडे जाऊ लागली. गाडी १९९८ची लाल बीएमडब्ल्यू झेड३ आहे. बिल्ले बदलण्याचे काम एकूण तीन आठवडे चालले. त्यांतला प्रत्यक्ष बिल्ले बसवण्याचा वेळ मोजला तर तो अर्ध्या तासाहून अधिक भरणार नाही. उरलेला सगळा वेळ बिल्ल्याखाली काय दडले आहे ते पाहण्यात, ते दुरुस्त करण्यात आणि रंग वाळण्याची वाट पाहण्यात गेला, म्हणून ही नोंदही मुख्यतः त्याविषयीच आहे.

जुना बिल्ला वाचवता येईल का, हे आधी पाहिले. ८२ मिलिमीटर व्यासाच्या त्या गोलावरचा पारदर्शक थर कडेने सुटला होता व नखाने उचलला तर त्याचा पापुद्रा निघत होता. निळे दोन्ही चतुर्थांश राखाडीकडे झुकले होते, आणि डब्ल्यू या अक्षराच्या एका पायाखाली पांढरी भुकटी साचली होती. पारदर्शक थराला एकदा चीर गेली की पाणी आत शिरते आणि खालचे अ‍ॅल्युमिनियम फुगू लागते, त्यामुळे वरून कितीही पॉलिश केले तरी उपयोग होत नाही. मूळ बिल्ल्यावर चिकटवायची गोल चकतीही मी पूर्वी वापरून पाहिली होती. दोन उन्हाळ्यांत ती आक्रसली आणि कडेने जुना रंग डोकावू लागला. तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

नवा बिल्ला घेताना पहिल्या खेपेस माझीच चूक झाली. छायाचित्रावर विसंबून एका विक्रेत्याकडून नक्कल मागवली. तिचा निळा रंग जांभळट होता, आणि मागच्या दोन खिळ्यांमधील अंतर जेमतेम मिलिमीटरभर चुकलेले होते. तेवढ्या फरकानेही खिळे भोकांत तिरपे जातात. थोडा जोर दिला तर एक खिळा बुडापासून मोडला. दुसऱ्या खेपेस कंपनीचा मूळ सुटा भाग मागवला आणि त्याबरोबर खिळे धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या दोन बुशीही घेतल्या. जुन्या बुशी उन्हाने कडक झालेल्या असतात, त्यांत नवा बिल्ला सैल बसतो. बुशी मागवण्याचे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. २०२२ साली बीएमडब्ल्यूच्या एम या वेगवान गाड्यांच्या विभागाच्या पन्नाशीनिमित्त निघालेला निळ्या, जांभळ्या व लाल अर्धवर्तुळांचा बिल्ला हल्ली अनेक जुन्या गाड्यांवर दिसतो. तो देखणा आहे, परंतु १९९८च्या गाडीच्या नाकावर तो मला उसना वाटतो.

बिल्ला काढण्यापूर्वी भोवतालचा रंग धुऊन कोरडा केला आणि त्यावर मास्किंग टेपचे दोन थर दिले. हेअर ड्रायरने मिनिटभर ऊब दिल्यावर प्लास्टिकच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोरच्या बाजूंनी सरकवून, आळीपाळीने थोडेथोडे उचलत गेलो की खिळे सरळ वर येतात. एकाच बाजूने उचकटले तर पत्र्यावर भार येतो. आधीच्या मालकाने कधीतरी पेचकस घातला असावा, कारण घड्याळात सहा वाजतात त्या जागी, बिल्ल्याच्या कडेबाहेर, अर्ध्या तांदळाएवढी एक खोक होती. ती इतकी वर्षे मी दगडाची समजत होतो.

बिल्ला निघाला आणि खरे काम समोर आले. बिल्ला ज्या उथळ खळग्यात बसतो तेथे पाणी आणि धूळ साचून तपकिरी गाळाचे कडे तयार झाले होते. गाळ पुसल्यावर डावे भोक स्वच्छ निघाले, पण उजव्या भोकाच्या काठाला गंजाने धरले होते आणि त्याभोवती रंग फोडासारखा वर आला होता. भोक पाडलेल्या पत्र्याच्या काठावर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो, त्यात बुशी घासत राहते आणि ओल वाळत नाही. या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथून गंज सुरू होतो. बुशी पकडीने ओढून काढताना उजवीकडची दुभंगली, व तिचा खालचा अर्धा भाग बॉनेटच्या दुहेरी पत्र्यामध्ये पडला. बॉनेट हलवले की तो आत खुळखुळत असे. पुढच्या बाजूच्या एका छिद्रातून तारेच्या टोकाला चिकट टेप गुंडाळून तो बाहेर काढण्यात एक संपूर्ण संध्याकाळ गेली. काम करणाऱ्यांनी जुनी बुशी काढण्याआधी तिच्यात जाडसर स्क्रू दोन आटे फिरवून ठेवावा. मग ती तुटली तरी तुकडा स्क्रूवर राहतो. डावीकडच्या बुशीला मी तेच केले.

गंज काढण्यासाठी काचतंतूंच्या टोकाची घासणी वापरली, कारण एवढ्या अरुंद जागी सँडपेपर फिरत नाही आणि यंत्र लावले तर चांगला रंगही जातो. फोड आलेला रंग घट्ट रंगाच्या सीमेपर्यंत खरवडला, उघडा पत्रा चमकू लागेपर्यंत घासला, अल्कोहोलने पुसला आणि भोकाच्या आतल्या काठासकट इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात दिले. त्यावर बारीक कुंचल्याने गाडीच्या लाल रंगाचे तीन हात आणि शेवटी पारदर्शक थर दिला. दोन हातांमध्ये घाई केली तर खालचा थर सुरकुततो, आणि अर्धवट वाळलेल्या रंगात बुशी दाबली तर ती रंगासकट फिरते. म्हणून येथे आठवडाभर थांबलो. बिल्ल्याखाली झाकली जाणारी ही जागा असल्याने ओघळ राहिले तरी चालतात, गळती मात्र राहून चालत नाही. बुशी बसवण्यापूर्वी भोकाच्या काठाला गंजरोधक मेणाचे बोट फिरवले.

बसवताना एक गंमत लक्षात आली. या चिन्हात समोरून पाहता वर डावीकडचा आणि खाली उजवीकडचा भाग निळा असतो, त्यामुळे बिल्ला अर्धा फिरवून उलटा धरला तरी निळे-पांढरे भाग जागच्या जागीच दिसतात. उलटी होतात ती फक्त अक्षरे. खिळे दोन्ही स्थितींत भोकांत शिरतात. घाईत काम करणाऱ्याची दिशाभूल व्हायला एवढे पुरेसे आहे. हे निळे-पांढरे भाग बव्हेरियाच्या राज्यरंगांतून आले. ५ ऑक्टोबर १९१७ रोजी हे चिन्ह नोंदवले गेले तेव्हा राज्यचिन्हे व्यापारी चिन्हांत वापरण्यास मनाई होती, म्हणून रंगांचा क्रम उलटा घेतला गेला. हे चिन्ह म्हणजे विमानाचा फिरता पंखा, अशी जी कथा सर्वत्र सांगितली जाते, ती १९२९च्या एका विमान इंजिनाच्या जाहिरातीनंतर रुजली. अक्षरे सुलट आहेत याची दोनदा खात्री करून बिल्ला दोन्ही अंगठ्यांनी, खिळ्यांच्या नेमक्या वर दाबला. मध्यभागी दाबल्यास पातळ पत्र्याला खळी पडते.

मागच्या झाकणावरील ‘झेड३’ या अक्षरांचे काम वेगळ्या जातीचे होते. प्लास्टिकवर चढवलेला चकचकीत मुलामा एकदा तडकला की त्याखाली घासण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तीही बदलायचीच होती. ती टेपने चिकटवलेली असतात. ऊब देऊन, मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढत टेप कापला आणि अक्षरे हातात आली; खाली रंगावर त्यांची गडद सावली स्पष्ट उमटलेली होती. अक्षरांखालचा रंग इतकी वर्षे ऊन आणि पॉलिश या दोहोंपासून वाचलेला असतो, त्याचाच हा परिणाम. नाव कायमचे काढून टाकणाऱ्याला ही सावली डोकेदुखी वाटते, परंतु तेच नाव पुन्हा लावणाऱ्यासाठी याहून अचूक मोजपट्टी नाही. त्यामुळे पॉलिश करण्याआधी सावलीच्या खालच्या कडेला आणि डाव्या टोकाला मास्किंग टेप लावून ठेवला, मग उरलेला गोंद बोटाने चोळून त्याच्या वळ्या काढल्या, व शेवटचा थर चिकटपणा घालवणाऱ्या सौम्य द्रावणाने पुसला. ड्रिलला लावायचे रबरी चाक हे काम पटकन करते. पण एके जागी रेंगाळले तर घर्षणाने रंग तापतो, आणि लाल रंगावर तो डाग मी दुसऱ्याच्या गाडीवर पाहिला आहे.

नवी अक्षरे व्हीएचबी या अतिशय घट्ट धरणाऱ्या जातीच्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवली. त्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात घेऊन पुसली आणि पत्रा कोमट होईपर्यंत ऊब दिली, कारण हा टेप गार पत्र्यावर नीट धरत नाही. लावताना तापमान साधारण २१ ते ३८ अंश सेल्सिअस असावे लागते. एकदा टेकवल्यावर तो सरकवता येत नाही, म्हणून आधी एका कडेने टेपच्या खुणेला टेकवले आणि मग दुसरी कड खाली आणली. वीस मिनिटांत जवळपास निम्मी पकड येते, चोवीस तासांत सुमारे नव्वद टक्के आणि बहात्तर तासांत पूर्ण. तीन दिवस गाडी धुतली नाही.

आता बाजूच्या कल्ल्यांमधले, म्हणजे पुढच्या चाकांमागच्या माशाच्या कल्ल्यांसारख्या फटींमधले, छोटे बिल्ले उरले आहेत. बीएमडब्ल्यूच्याच जुन्या ५०७ या गाडीची आठवण म्हणून झेड३च्या बाजूंना हे कल्ले दिले गेले, आणि माझ्या गाडीवर तेथील रंग फिका पडला असला तरी थर शाबूत आहे. पुढचा नवा निळा आणि बाजूचा जुना निळा यांतला फरक चार पावलांवरूनही दिसतो, तरीही धड असलेला मूळ भाग काढून टाकायला हात धजत नाही. चाकांच्या मधल्या ६८ मिलिमीटरच्या टोप्या मात्र मागवल्या आहेत. चारपैकी दोघींवरचे निळे पार पांढरे झाले आहे.