तुम्ही विचारलंत म्हणून: पतंग बघायचा क्लास कुठे असतो?

“आम्ही चार-पाच मित्र आहोत, पतंगांचा नाद लागलाय, रीतसर शिकायला कुठे मिळेल?” पावसाळा लागला की हा प्रश्न येतोच. कधी मुलं विचारतात, कधी त्यांचे आईवडील, आणि आईवडिलांच्या स्वरात जरा काळजीही असते. (उडवायचे पतंग नव्हेत. रात्री दिव्याभोवती फिरतात ते, मॉथ.)

क्लास शोधत बसू नका. पांढरी चादर, एक दिवा, रात्री जागायला तयार असलेली चार डोकी आणि आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या जिवांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ आणि ॲप) खातं, एवढं पुरतं. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशे-चौदाशे, पतंगांच्या दहा हजारांवर. इतकं सगळं शिकवेल असा एक गुरुजी कुठेही बसलेला नाही. हॅम्पसन या इंग्रज कीटकतज्ज्ञाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड लिहिले ते 1892 ते 1896 या काळात, आणि पाचवा, फक्त हॉक मॉथ या जाडजूड, वेगवान पतंगांच्या कुळाचा, आला थेट 1937 साली. त्याच्या दोन लेखकांपैकी बेल हा कारवारकडचा जंगल अधिकारी. त्या काळी नमुना पेटीत घालून जहाजाने लंडनला पाठवावा लागे. आता गच्चीवरून फोटो टाकला की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कुणीतरी चूक दाखवतं. चूक दाखवणारा माणूस मिळणं, हाच खरा क्लास.

चादर साधी सुती, सिंगल पलंगाची. गच्चीवरच्या वाळवणाच्या दोरीला चिमटे लावून टांगा, पण खालचा दीड-दोन फूट भाग जमिनीवर पसरू द्या. निम्मे पतंग चादरीवर चढतच नाहीत. याचं कारण 2024 साली वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आलं. पतंग दिव्याच्या ओढीने फिरतो असं आपण कवितेत म्हणतो, प्रत्यक्षात तो उडताना पाठ उजेडाकडे ठेवतो. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ, म्हणून एरवी पाठ वर राहते आणि उड्डाण सरळ जातं. दिवा बाजूला आला की तो त्या दिशेने कलतो, गिरक्या घेत राहतो आणि शेवटी गवतात आपटतो. म्हणून चादरीभोवतीच्या चार फुटांत पाऊल बघून टाका. नवशिक्यांच्या चपलेखाली जेवढे पतंग मरतात तेवढे पालीही खात नसतील.

दिव्यासाठी पूर्वी सगळे 160 वॅटचा, चोक न लागणारा मर्क्युरी व्हेपर बल्ब वापरत. पाऱ्यामुळे तो आता दुकानांतून दिसेनासा होत चाललाय. मिळालाच तर वर छत्री बांधा, कारण तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती फुटते. सोपा मार्ग म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी अतिनील एलईडी पट्टी, 365 ते 395 नॅनोमीटरची. तिच्याकडे थेट बघू नका. घरातला पांढरा एलईडी लावून “आमच्याकडे पतंगच नाहीत” म्हणणारे दरवर्षी भेटतात; त्या बल्बमधून अतिनील किरण जवळपास निघतच नाहीत.

रात्र ढगाळ, उबदार, बिनवाऱ्याची हवी आणि चंद्र नको. 2012 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालेला नॅशनल मॉथ वीक जुलैच्या शेवटी असतो, आणि बऱ्याच वर्षी आपली दिव्याची अवस त्याच्याच आसपास येते. मुहूर्त उत्तम. फक्त तिला गटारी म्हणणारे मित्र त्या रात्री उपयोगाचे नसतात. साडेसातला दिवा लावा. अकराला आवरू नका, मोठे रेशीम पतंग पुष्कळदा मध्यरात्र उलटल्यावरच येतात. राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय हा उद्योग करायचा नाही. गच्ची, शेत, ओळखीच्याची बाग भरपूर होते.

लांब बाह्यांचा शर्ट, बंद बूट आणि कानात कापूस. हसू नका, भुंगेरा कानात शिरला की हसू जातं. दुसरं, चादरीवर नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट किडा दिसला तर तो पेडेरस. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्यातल्या रसाने एक-दोन दिवसांत त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवा, आणि चुकून चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा.

आता फोटो. एक सरळ वरून, पंख पूर्ण दिसतील असा, एक बाजूने, मिशा आणि तोंड दिसेल असा, शेजारी मोजपट्टी. सगळ्यात जास्त घोळ होतो तो यानंतर, व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे फोटो साधा पाठवला की तो आकसतोच, शिवाय आत लपलेली तारीख आणि जागा पुसली जाते. कोल्हापूरच्या मित्राचा फोटो तुम्ही चार दिवसांनी पुण्यात उतरवून आयनॅचरलिस्टवर टाकलात तर नोंद पुण्याची, चुकीच्या दिवसाची होऊ शकते. अशी नोंद नसलेली बरी. ज्याने बघितला त्याने मूळ फोटो टाकायचा. ग्रुपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.

आयनॅचरलिस्ट फोटो बघून नाव सुचवतं. ते सूचनेपुरतंच घ्या. दोन तृतीयांशांहून अधिक ओळखणाऱ्यांचं एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे अभ्यासात वापरण्याजोगी, होते, आणि दोघंच असतील तर दोघांनी पुरतं. म्हणून मित्राच्या नोंदीवर मैत्रीखातर ‘ॲग्री’ दाबू नका, दोन अडाण्यांचं एकमत अभ्यासात जाऊन बसतं. कित्येक पतंग फोटोवरून जातीपर्यंत ओळखूच येत नाहीत, जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. तिथे कुळावर थांबायचं, त्यात कमीपणा नाही. पडताळ्यासाठी ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ उघडं ठेवा. नोंद घरातून करणाऱ्या मुलांनी जागा ‘ऑब्स्क्युअर’ करावी; मग नेमक्या ठिकाणाऐवजी वीसेक किलोमीटरचा चौकोन दिसतो.

आणि ॲटलास मॉथ (तळहाताहून मोठा रेशीम पतंग) दिसला तर पेपरवाल्यांना फोन करू नका. “दुर्मिळ पतंग आढळला” ही बातमी पावसाळ्यात इतक्यांदा छापून येते की दुर्मिळ या शब्दाचीच दया येते.

शहरातल्या मुलांना एक सांगतो. यवतमाळ किंवा परभणीकडचा कापूसवाल्याचा मुलगा या खेळात तुमच्या पुढे असतो. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर ओढणारे) लावून रोज सकाळी पतंग मोजणं त्याला घरूनच माहीत असतं. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार सुरू होतो. चादर-दिव्याच्या ज्या मांडणीला हौशी लोक मॉथ स्क्रीन म्हणतात, तसल्याच प्रकाराला तो प्रकाश सापळा म्हणतो. अशा एकाला ग्रुपमध्ये घ्या. मोजायचं कसं आणि रोज का मोजायचं, हे त्याच्याकडून शिकायला मिळेल.

दिवसा काय करायचं, तर तगर किंवा कण्हेरीची पानं उलटून बघा. पुढच्या भागावर दोन निळे डोळे असलेली जाड हिरवी अळी दिसली तर तो ओलिअँडर हॉक मॉथ. हवेशीर डब्यात रोज ताजी पानं, तळाला कागद, आणि विष्ठा रोज साफ. बंद बरणीत बुरशी येऊन अळी मरते. रंग काळपटला आणि ती खाणं सोडून भटकू लागली की कोरडा पालापाचोळा टाका, ती त्यात कोष करील. अळी तगरीवर सापडली असेल तर तगरच द्या, मध्येच पाला बदलू नका.

पहाटे उजाडायच्या तासभर आधी दिवा बंद करा. बुलबुल आणि दयाळ दोन दिवसांत चादरीची वेळ शिकतात आणि रांगेत नाश्त्याला येतात. चादर झुडपावर हलकेच झटका, आणि घडी घालण्याआधी शिवण बघा. माद्या रात्रीत तिथे अंडी घालून जातात, मोहरीएवढी, ओळीने चिकटवलेली. कुणाची ते कळलं तर तेवढी योग्य झाडावर नेऊन ठेवा. नाही कळलं तर फोटो काढा, तारीख लिहा आणि चादर दोन दिवस धुवायला टाकू नका.