कानाशी धरलेलं पेन

इन्सुलिन टोचून घ्यायच्या पेनच्या नव्या नमुन्यात डोस लावायची डायल फिरवताना अजिबात आवाज होत नव्हता, आणि टीमला त्याचा अभिमान होता. मागणीच तशी होती. चारचौघांत डोस घेताना नेहमीच्या पेनच्या डायलची ती टिकटिक नको वाटते, असं मुलाखतींत तरुण मंडळी आवर्जून सांगत.

त्या दिवशी चाचणीला एक आजोबा आले. बरीच वर्षं इन्सुलिनवर. ‘पेनवरचे आकडे नीट दिसतात ना?’ असं विचारल्यावर म्हणाले, ‘हो, काहीच अडचण नाही.’ मग मी त्यांना स्वतःच्या पेनवर नेहमीचा डोस लावायला सांगितलं. आकड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पेन कानाशी नेलं, डोळे मिटले आणि डायल हळूहळू फिरवू लागले. ओठ हलत होते. तेवढ्यात बाहेर दार वाजलं. ते थांबले, डायल शून्यावर आणली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

नंतर आमचा नमुना हातात दिला. डायल फिरली, आवाज नाही. त्यांनी पेन हलवून पाहिलं, पुन्हा कानाला लावलं. ‘हे बंद आहे का?’

मधुमेहात दृष्टिपटल खराब होऊ शकतं, बोटांची संवेदना कमी होऊ शकते, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पण आजोबा खोटंही बोलत नव्हते. अडचणीवर त्यांनी कधीच उपाय शोधला होता, त्यामुळे सांगण्यासारखी अडचण त्यांच्या लेखी उरलीच नव्हती. नुसत्या मुलाखतीतून हे कधीच कळलं नसतं.

बैठकीत मी फक्त व्हिडिओ लावला. कुणीतरी म्हणालं, ‘हा चुकीचा वापर आहे.’ टिकटिक मोजून डोस ठरवू नका, असं पेनांच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतंच. त्याला कारणही आहे: बहुतेक पेनांत एक टिक म्हणजे एक युनिट, पण काहींत अर्धंच. दहा मोजले तर शरीरात पाच जाणार. धोका खरा आहे, मलाही मान्य. पण ज्याला आकडा दिसत नाही त्याने काय करायचं, हे त्या पत्रकात कुठे असतं?

बराच वाद झाला. शेवटी टिक परत आली, आवाजाने सौम्य पण बोटाला ठळक जाणवेल अशी. आकडे मोठे, पांढऱ्यावर काळे झाले. पुढच्या फेरीला आम्ही मुद्दाम कमी दिसणाऱ्यांना बोलावलं, आणि ‘दिसतं का?’ हा प्रश्नच यादीतून काढला. त्याऐवजी डोस लावायला सांगायचो आणि मुकाट्याने बघत बसायचो.