गाडी उभी, काटा वीसवर

माझी व्हॅन जुन्या बांधणीची आहे: इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना, आणि या दोहोंना जोडणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट. वयाच्या मानाने तिच्या तक्रारी किरकोळ होत्या. रिव्हर्समधून पहिला गिअर टाकताना खालून एक ‘टक’ ऐकू येई आणि क्लच अलीकडे बराच वर येऊन पकडत असे. पहिल्या तक्रारीवर मी शाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे त्याच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्यात, ग्रीस भरत होतो, दुसरीवर ‘बघू पुढे’ म्हणत होतो. त्यामुळे एका चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये असताना, खाटकन आवाज होऊन इंजिन एकदम मोकळे घोंघावू लागले आणि गाडीचा वेग मरत गेला, तेव्हा इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणाऱ्या क्लचप्लेटने मान टाकली याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

गाडी कडेला घेऊन मी इंजिन बंद केले, सवयीने पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक जरा सैल करून पाहिला. गाडी मागे घसरू लागली. हँडब्रेक पुन्हा ओढून चाकांमागे दगड लावले, पण या घसरण्याचा अर्थ काय याचा विचार त्या घाईत केला नाही. तो तेव्हाच केला असता तर पुढचा अर्धा तास वाचला असता, कारण घसरणारा क्लचसुद्धा बंद इंजिनाच्या जोरावर गाडीला थोडाफार आवर घालतोच. इथे काहीच आवर नव्हता.

क्लच तपासण्याची सर्वांना ठाऊक असलेली पद्धत मग वापरली. हँडब्रेक घट्ट ओढायचा, चौथा गिअर टाकायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून क्लच हळूहळू सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडते, घसरत असेल तर चालूच राहते. माझे इंजिन आरामात चालू राहिले. मिस्त्रींना फोन केला, तर तेही म्हणाले, “साहेब, क्लच गेला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” एवढ्यात शेजारी बसलेली पत्नी म्हणाली, “अहो, गाडी उभी आहे ना? मग काटा वीसवर कसा?”

स्पीडोमीटरचा काटा खरोखरच 20च्या आसपास स्थिर होता. माझ्या व्हॅनमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून, म्हणजे बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून फिरते. चाकांशी तिचा थेट संबंध नाही. क्लच घसरत असता तर तो शाफ्ट जागचा हललाच नसता आणि काटा शून्यावर पडून राहिला असता. काटा चढतो आहे याचा अर्थ इंजिनाची ताकद क्लच ओलांडून आणि गिअरबॉक्समधून सुखरूप बाहेर पडते आहे, आणि ती हरवते आहे ती त्यापुढे. क्लचची ती प्रसिद्ध तपासणी खोटी नव्हती. पण क्लचपासून चाकापर्यंतची बाकी साखळी शाबूत आहे असे ती गृहीत धरते, आणि हे मी विसरलो होतो.

चाकांचे दगड पुन्हा तपासून, पत्नीला क्लचवर बसवून, मी गाडीखाली न शिरता बाजूला आडवा झालो आणि बॅटरीचा झोत आत टाकला. प्रोपेलर शाफ्ट फिरत होता, आणि त्याचे मागचे टोक जिथे डिफरन्शिअलला (मागच्या दोन चाकांना फिरत वाटून देणाऱ्या गिअरच्या संचाला) बोल्टने जोडलेले असते ती तबकडीही त्याच्याबरोबर फिरत होती. म्हणजे क्रॉसही तुटलेला नव्हता. क्राउन-पिनियनचे, म्हणजे शाफ्टची फिरत चाकांकडे वळवणाऱ्या आतल्या गिअरजोडीचे, दात उडाले असते तर आतून खरखराट ऐकू आला असता. येत होती ती फक्त एक मऊ घरघर. उरला अ‍ॅक्सल शाफ्ट, म्हणजे डिफरन्शिअलपासून चाकापर्यंत जाणारा दांडा. साध्या डिफरन्शिअलचा स्वभावच असा की एका बाजूचा अ‍ॅक्सल तुटला की सगळी फिरत त्या मोकळ्या बाजूला निघून जाते आणि धडधाकट बाजूच्या चाकाला काहीच मिळत नाही. पहिल्या गिअरमध्ये गाडी का घसरली होती तेही आता उलगडले. अशा स्थितीत आतले लहान गिअर सतत भरधाव फिरत राहतात, आणि ते त्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून इंजिन लगेच बंद केले.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेऊन दोन्ही मागची चाके उचलून स्टँडवर ठेवली. इंजिन बंद ठेवून गिअर टाकला असता एक चाक हाताने फिरवल्यावर दुसरे उलट दिशेने फिरायला हवे. उजवे फिरवताना आतल्या गिअरचे ओझे हाताला जाणवत होते, पण डावे जागचे हलत नव्हते. डावे फिरवले तर ते रिकाम्या रहाटासारखे गरगरले. डावा ड्रम काढला, त्यामागचे 4 नट सोडले आणि अ‍ॅक्सल बाहेर ओढला. तो हवा त्यापेक्षा आखूड निघाला. तुटला होता तो बेअरिंगच्या आतल्या बाजूला, म्हणूनच चाक जागेवर राहिले. बाहेरच्या बाजूला तुटला असता तर चाक ड्रमसकट निखळून पडले असते.

तुटलेले तोंड मी बराच वेळ न्याहाळले. सुमारे दोन तृतीयांश भाग गुळगुळीत आणि काळपट होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा होत्या. उरलेला भाग मात्र ताजा, चकचकीत आणि खडबडीत. म्हणजे अ‍ॅक्सलच्या आतल्या टोकावरच्या, डिफरन्शिअलमध्ये बसणाऱ्या खाचांची रांग जिथे संपते तिथे पडलेली चीर बऱ्याच काळापासून आत सरकत होती आणि चढावर उरलेला तुकडा एका झटक्यात गेला.

खाचांचे टोक डिफरन्शिअलमध्येच अडकले होते. लांब चुंबकाने ते हलेना, म्हणून उजवा अ‍ॅक्सलही काढून आणि जोडाच्या दोन्ही तबकड्यांवर खुणा करून शाफ्ट सोडवला, आतला संच बाहेर घेतला आणि टोक ठोकून काढले. तळाशी लोखंडाचा चुरा होता, तो धुऊन काढला; दात मात्र शाबूत होते. नवा अ‍ॅक्सल घेताना जुन्याच्या खाचा मोजल्या आणि डावा-उजवा नीट पाहून घेतला, कारण या गाडीत दोघांची लांबी सारखी नाही. नवे ऑइल सील, नवे गॅस्केट आणि 90 नंबरचे गिअर ऑइल भरून गाडी जमिनीवर उतरवली.

हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिन गचकन बंद पडले. म्हणजे क्लच अजून घसरत नाही. रिव्हर्समधून पहिल्या गिअरवर येतानाची ‘टक’ मात्र जशीच्या तशी आहे, तेव्हा तिचा अ‍ॅक्सलशी संबंध नव्हता; क्रॉस बदलण्यासाठी गाडी पुन्हा वर चढवायची आहे.